फोटोत न दिसलेलं मीठ

प्रिय आत्या,

तुझे कालपासूनचे फोन मी मुद्दामच उचलले नाहीत. मोठ्या विद्यापीठाने मला समकालीन कलेच्या इतिहासात पीएच.डी.ला घेतलंय आणि शुक्रवारच्या आत होकार कळवायचाय, हे माझ्या पक्कं लक्षात आहे. तू दुकानात बसून तापाच्या गोळीबरोबर प्रत्येक गिऱ्हाइकाला ही बातमी देतेस, हेही कळलंय. समोरच्या दाताच्या डॉक्टरांचा अभिनंदनाचा निरोप आला. खाली त्यांनी विचारलं होतं, की समकालीन कला म्हणजे आत्ताची आणि इतिहास म्हणजे जुना, मग ही पोरगी शिकणार तरी काय? तू म्हणे त्यांना सुनावलंस, तुम्ही दात बघा, तिचं ती बघेल.

आपण अर्ज भरायला बसलो होतो ते आठवतं ना? तू काउंटरवर, मी सलाईनच्या खोक्यांवर. तुझं म्हणणं सरळ होतं, जिथलं नाव मोठं तिथे आधी अर्ज. माझ्या एम.ए.च्या सरांचं म्हणणं वेगळं. पीएच.डी.ला विद्यापीठ नाही, माणूस निवडायचा, कारण पुढची कितीतरी वर्षं त्या माणसाशीच संसार करायचा असतो. त्यावर तू चष्म्यावरून बघत म्हणालीस, संसाराचं मला विचारू नकोस बाई, मी तिथे अर्जच केला नाही.

शेवटी तुझ्या समाधानासाठी एक अर्ज मोठ्या विद्यापीठाला गेला आणि सरांच्या समाधानासाठी एक त्या लहान गावातल्या विद्यापीठाला. संशोधनाचा आराखडा दोन्हीकडे एकच होता. विषय, मिठाची खोली. एका शिल्पकर्तीने उतारवयात त्याच लहान गावातल्या एका गोदामाची अख्खी जमीन जाड मिठाने झाकली होती. ती गेली, खोली राहिली. फोटोंमध्ये ती इतकी पांढरी, सपाट, निःशब्द दिसते, की मी माणूस नसलेल्या जगाविषयी पानंच्या पानं लिहून काढली. मोठ्या विद्यापीठातल्या मुलाखतीत सगळ्यांनी त्या पानांची तोंड भरून स्तुती केली. लहान विद्यापीठातल्या मार्गदर्शक बाईंनी मात्र एवढंच विचारलं, तू ती खोली पाहिलीस? मी म्हटलं, फोटो पाहिलेत, झाडून सगळे. त्या म्हणाल्या, मग आधी येऊन बघ. जागा एकच आहे, मिळेल की नाही सांगत नाही, पण ये.

म्हणून गेल्या आठवड्यात मी जाऊन आले.

बाईंना त्यांचे विद्यार्थी पाठीमागे मुकादम म्हणतात. दर वर्षी जुनं मीठ उचलून नवं अंथरायचं, असं शिल्पकर्तीने सांगून ठेवलंय, आणि ते काम पीएच.डी.ची मुलं करतात, चाळण्या घेऊन, रांगत रांगत. त्यातला एक जण मला म्हणाला, इथे प्रबंधाच्या आधी गुडघे जातात, विचार करून ये.

बाईंनी दार उघडलं आणि आधी ऐकू आला तो आवाज. अगदी बारीक तडतड, सगळ्या जमिनीवरून. आत कुणीही नव्हतं. बाहेरची कोरडी हवा आत शिरली, त्याने वरचा थर तडकतोय, बाई म्हणाल्या. त्या खोलीला खिडकी नाही. बघायला येणारे दोरीच्या अलीकडच्या मोकळ्या पट्ट्यात उभे राहतात आणि त्यांच्या श्वासातली ओल मीठ पिऊन घेतं. आत्या, दोरीजवळचं मीठ पांढरं नव्हतंच. करडं, मऊ, खचलेलं. दाराशी, जिथून लोक नुसते डोकावून जातात, तिथे जेमतेम डाग. पण पाठ टेकायला भिंत आहे तिथे ओंजळभर खोल खळगे. कोण कुठे रेंगाळलं, ते जमिनीवर उमटलं होतं. फोटो मात्र मीठ अंथरल्या दिवशीच काढतात, म्हणून त्यांत यातलं काहीच नाही.

मी किती वेळ उभी होते कोण जाणे. श्वास सोडायचाही संकोच वाटत होता, कारण तोही तिथे जमा होणार होता. एवढ्या माणसांच्या नुसत्या असण्याने ती जमीन खचली होती आणि मी तिच्यावर माणूस नसण्याबद्दल लिहून मोकळी झाले होते. बाई कित्येक वर्षं ती खोली बघतायत. मी विचारलं, तुम्हाला यात काय दिसतं? त्या म्हणाल्या, अजून नीटसं कळलेलं नाही, म्हणून तर विद्यार्थी घेते.

घरी येऊन मी तो आराखडा पुन्हा वाचला. भाषा छान आहे, दाखले चोख आहेत, फक्त जे लिहिलंय ते तसं नाहीये. मोठ्या विद्यापीठात तो आहे तसा पुढे सरकला असता. कुणी हटकलं नसतं.

हे फोनवर सांगायला लागले असते, तर तू मध्येच म्हणाली असतीस, मुद्द्यावर ये. तर मुद्दा असा, की मोठ्या विद्यापीठाला मी काल नकार कळवला. बाईंचं उत्तर अजून आलेलं नाही. ती जागा दुसऱ्या कुणाला गेली, तर पुढचं वर्षभर मी तुझ्या काउंटरमागे गोळ्या मोजत असेन आणि गिऱ्हाइकांना काय सांगायचं ते तुला ठरवावं लागेल. तू रागावणार, आणि तो राग मला चुकवायचा नाही. पण महिनाअखेरीला ते मीठ उचलतायत. एक दिवस दुकान बंद ठेव आणि माझ्याबरोबर चल. भिंतीजवळ जागा असते. तिथे उभी राहून मला काय बोलायचं ते बोल, अगदी मनातलं सगळं बोल, मी उलट उत्तर देणार नाही. मीठ उचलायच्या आधी तिथे तुझाही एक खळगा पडू दे.

भिंतीपाशी तुझ्या शेजारी उभी राहणारी,
तुझीच
ठकी