एकदाच उतरवायचं

मंगळवार, २४ मार्च. सकाळी ९.
सॉफ्टवेअरची पॅकेजं पाच, सोर्स म्हणजे मूळ कोड एकच. तरी आमची स्क्रिप्ट प्रत्येक पॅकेजसाठी तोच सोर्स सर्व्हरवरून नव्याने उतरवते. दर वेळी बारा जीबी, वीस वर्षांतल्या सगळ्यांच्या चुकांसकट. आजपासून बंद. एकदाच उतरवायचा, प्रत जपायची, पुढे फक्त बदल आणायचे.

शुक्रवारी अकराला लेकीची मुलाखत, व्हिडिओवर. आठ महिन्यांतली पहिली. तळमजल्यावर फोनला रेंज नाही. सगळी भिस्त घरच्या नेटवर. त्याची महिन्याची मर्यादा संपली की ते एक तारखेपर्यंत रांगतं. उरलेत नव्वद जीबी. लेक म्हणाली, बाबा, शुक्रवारपर्यंत नेटला हात लावू नका. म्हटलं, अगं, वाचवतोच तर आहे.

दुपारी ४.
प्रत तयार. उरले ७८. पुढची चारही पॅकेजं तिच्यातूनच. डाउनलोड शून्य. असं काम रोज होत नाही.

बुधवार. सकाळी.
शंका. प्रत होती म्हणून चाललं. नसती तर? परीक्षा कोऱ्या पाटीवरच व्हायला हवी. प्रत पुसली, पुन्हा उतरवली. चाललं. ६६.

संध्याकाळी.
एकदा चालणं हा योगायोगही असू शकतो. पुन्हा पुसली. चाललं. ५४.
बायको दारात उभी राहून म्हणाली, भांडं गळत नाही ना हे बघायला तुम्ही रोज दूध ओतून देताय. तिला यातलं तांत्रिक कळत नाही.

गुरुवार.
साहेबांचा फोन. बचत किती, आकडा द्या. आकडा म्हणजे आधी आणि नंतर. 'आधी' मोजायचं तर जुनी स्क्रिप्ट चालवणं आलं. पाचही पॅकेजं झेपणार नाहीत. चार मोजतो. मोह आवरता येतो मला.
लेकीने विचारलं, किती उरलंय? म्हटलं, पुरेसं. ती शर्टाला इस्त्री करत राहिली.

शुक्रवार. सकाळी १०.४०.
उरले ६. मुलाखतीला एक पुरतो. अहवालात पाचव्या पॅकेजपुढे 'अंदाजे' लिहिलंय. शब्द बोचतो. जुनी स्क्रिप्ट लावली आहे. चार जीबीला थांबवीन, आकडा तिप्पट करीन. नजर ठेवून आहे.

११.०९.
फक्त चहा ठेवायला उठलो होतो.

११.१०.
तिसऱ्या प्रश्नाला आधी आवाज गेला. मग पडद्यावरचा चेहरा थिजला. लेक लॅपटॉप छातीशी धरून रस्त्यापलीकडे शिंप्याच्या दुकानात पळाली. अनवाणी.

संध्याकाळी ६.
उरलेली मुलाखत तिने शिंप्याच्या नेटवर दिली. त्याने तीनही मशीनं बंद ठेवली होती म्हणे. सोमवारी दुसरी फेरी आहे. तीही तिथूनच देणार. हे मला बायकोकडून कळलं.

अहवाल पूर्ण. साठ जीबीतले अठ्ठेचाळीस वाचले. ऐंशी टक्के, अंदाजे नाही. मेल दोन तास 'पाठवत आहे' म्हणतोय.

६.४०.
शिंप्याकडे जाऊन आलो. एकच मेल आहे, पाच मिनिटांसाठी नेटचा पासवर्ड द्या, म्हटलं. त्याने सुईवरून नजर काढली नाही. म्हणाला, काका, सोमवारपर्यंत तुम्हाला द्यायचा नाही, असं ताईंनी सांगून ठेवलंय.