आईच्या कोबीतला पाहुणा

लर्विक, २० सप्टेंबर

ती. ओस्लाताई, सा. न. वि. वि.

आई गेल्यापासून बाबा उंबऱ्याबाहेर पडलेले नाहीत, यंदा मेंढ्या हाकायलाही येणार नाही म्हणतात, हे वाचून झोप उडाली. हिवाळ्याआधी त्यांना इकडे माझ्याकडे पाठव. खोली निळी रंगवून ठेवली आहे. बेटावर आग्नेय वारा सुटलाय म्हणे. त्यानं भरकटून एखादा दुर्मीळ पक्षी उतरलाच तर कळव.

तुझी माया आहे तशीच असू दे.
एर्टी

फेअर आयल, २९ सप्टेंबर

चि. एर्टी, अ. उ. आ.

आधी पक्ष्याचं सांगते, म्हणजे पुढचं लक्ष देऊन वाचशील. सायबेरियातला एक वटवट्या आईच्या कोबीत उतरला. उडायचं नाव नाही, उंदरासारखा पळतो. विमान भरून पक्षीवाले आले. रीतसर परवानगी मागून, आपण मेंढ्या हाकतो तशी रांग धरून कोबीतून चालायला लागले. पण भोवतीच्या दगडी गडग्याच्या खिंडारात कुणीच उभं नव्हतं. बाबा खिडकीतून ओरडले, की अशानं लंगडी मेंढीसुद्धा निसटेल, गळ्यात एवढाल्या दुर्बिणी अडकवून अक्कल कुठं ठेवलीत! कुणाला ऐकू जातंय? शेवटी बाबांनी बूट चढवले आणि खिंडारात हात पसरून स्वतः उभे राहिले. इकडे माझं दूध उतू गेलं. जाऊ दिलं.

लोभ आहेच. खोलीचा रंग एवढ्यात खरवडून काढू नकोस.
ओस्ला

लर्विक, ३ ऑक्टोबर

ती. ताई, सा. न. वि. वि.

वाचून रडलो. मेंढ्या हाकताना त्या खिंडारात दरवर्षी आईच उभी असायची. तरी बाबांना एकदा विचार, न्यायला येऊ का? वटवट्या तोवर टिकेल ना?

कृपालोभ असावा, आणि मांजर घरात असावं.
एर्टी

फेअर आयल, ८ ऑक्टोबर

चि. एर्टी, अ. उ. आ.

मांजर घरात नव्हतं. पक्षीवाले टोप्या काढून उभे राहिले आणि विमानानं परत गेले. बाबांनी मांजराला खूप झापलं, मग मासा घातला.

त्यांना तुझ्याकडच्या खोलीचं विचारलं. रंग कोणता, म्हणाले. निळा, म्हटलं. बरा आहे, म्हणाले. मग मेंढ्यांचंच बोलायला लागले.

येत्या शनिवारी मेंढ्या हाकायच्या आहेत. खिंडारात बाबाच उभे राहणार. आईची जागा दुसऱ्या कुणाला द्यायची नाही म्हणतात. मग टेकडीवरची तुमची जागा कोण घेणार, असं मी विचारलं. एर्टी कशाला आहे, म्हणाले.

बूट घेऊन ये. वाट बघतोय.
ओस्ला