हातावर मांडा असताना

प्रिय भूमिका,

माझं जे काही बदललं ते आखाजीच्या दिवशी, अक्षय्य तृतीयेला, धुळ्यात, तुमच्या मागच्या अंगणात. माझ्या खिशातला फोन लागोपाठ तीनदा वाजला आणि तुझ्या आईने पापणीसुद्धा हलवली नाही, त्या घटकेला. हे तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतो. अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे. काल तू माझ्या मनगटावर पट्टी बांधलीस ती इतकी घट्ट की पेन नीट धरता येत नाही. तू समोर खिडकीत बसली आहेस, कानात इयरफोन, बोटं मोकळी करायला तुझा नेहमीचा सराव चाललाय. ललित आणि भूषण आपल्या राखीव ऋतिकाला घेऊन सामन्याआधी खाली पोहे खायला गेलेत. मी ललितच्या वहीतली पानं फाडून लिहितोय. मी डावपेच काढतोय असं तुला वाटत असेल, तर वाटू दे.

आधी जानेवारीतली फायनल. काय घडलं ते तुला माहीत आहे, पण माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते माहीत नाही. आबांना मी हा मोबाइलवरचा खेळ शंभरदा समजावलाय: सोळा संघ, एकेका संघात चौघं, सगळे एकाच बेटावर उतरतात, बेट लहान लहान होत जातं आणि शेवटी जो संघ उभा राहील तो जिंकतो. त्यांचं उत्तर ठरलेलं, "ते बेट राहू दे बाप्पा, कॉलेज सोडून तू काय करू राह्यला ते सांग." तर त्या बेटावर तू पुढे पाहायचं आणि मी तुझी डावी बाजू राखायची, एवढं एकच काम माझ्याकडे होतं. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्धवट टाकून आलेल्या माणसालाही जमेल इतकं सोपं.

शेवटच्या सामन्याआधी दहा मिनिटांची सुट्टी होती. तू पाणी प्यायलीस आणि डोळे मिटून बसलीस. मी लाइव्हखालच्या कमेंट उघडल्या. एकाने लिहिलं होतं, "पोरीला कशाला घेतलं, सुट्टीत पोळ्या लाटायला का?" आणि त्याखाली बेचाळीस हसणारी तोंडं. माझं तुला माहीत आहे, नशिराबादजवळ एकाने नुसती गाडी आडवी घातली म्हणून मी भुसावळपर्यंत त्याच्या मागे गाडी दामटली होती. मी त्याला अकरा उत्तरं लिहिली. मग पंचांनी सांगितलं तसे नोटिफिकेशन बंद केले. त्याने फोन गप्प झाला, डोकं नाही झालं. हातात बंदूक, समोर तुझी पाठ, आणि मनात बारावं उत्तर. "तुझ्या घरच्या" इथपर्यंत वाक्य जुळलं होतं तेवढ्यात पत्र्याच्या शेडमागून समोरच्या संघातला एक आला. माझ्या डाव्या बाजूने. मी पडलो. मला उचलायला भूषण आला, तो पडला. त्याच्या मागे ललित. पंधरा सेकंदांत तिघं.

मग तू एकटी राहिलीस आणि समोर तिघं. आपण मेलो की दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहता येतं, म्हणून ती चार मिनिटं मी तुझ्या डोळ्यांनी पाहिली. भूमी, त्या चार मिनिटांबद्दल कसं लिहावं मला कळत नाही. हॉलमध्ये तीनशे माणसं होती आणि पंख्यांची घरघर ऐकू येत होती. तू धावली नाहीस. एका तुटक्या भिंतीआड बसून राहिलीस आणि पावलं ऐकत होतीस. एकाने मुद्दाम लांबवर गोळ्या झाडल्या, मी असतो तर तिकडे वळलोच असतो. तुझा अंगठा जागचा हलला नाही. पहिला टिपलास. दुसरा टिपलास. तिसऱ्यापाशी तुझ्या गोळ्या संपल्या. आपण दुसरे आलो, आणि तू फोन उलटा ठेवून आधी भूषणला विचारलंस, "पाणी हाय का रे?"

आणि तरी मी काय केलं? मागच्या खोलीत तुझ्यावरच ओरडलो की मी तुझ्यासाठी भांडलो. तू हेडफोनची वायर गुंडाळत म्हणालीस, "माझ्यासाठी भांडलास ना लिलू, पण भिंतीमागं मी एकटीच होते." मी दार असं आपटलं की कडी निखळून खाली पडली. ती कमेंट तू सकाळीच वाचली होतीस हे ललितने मला नंतर सांगितलं. सकाळी. म्हणजे ते वाचून तू डोळे मिटून बसली होतीस.

तीन महिने तू मेसेजला उत्तर दिलं नाहीस. रोज तुझं स्टेटस पाहायचो, तू दिसलीस की राग यायचा, नाही दिसलीस की जास्त. म्हणून आखाजीला धुळ्याला आलो. भांडायलाच आलो होतो, खोटं कशाला सांगू. मागच्या दाराने आत शिरलो तर तू तोंडावर बोट ठेवलंस. चुलीवर पालथं खापर तापलेलं आणि तुझ्या आईच्या, सुलक्षणाकाकूंच्या हातावर मांडा. तुमच्या शेजारच्या आजी निरोप घेऊन आलेल्या, त्याही गप्प उभ्या. हातावर मांडा असताना हाक मारायची नाही, हा तुमच्या गल्लीतला कायदा मला ठाऊक नव्हता. आमच्याकडेही मांडे होतात, पण मी कधी पाहायला थांबलोच नव्हतो. पुरण भरलेला तो गोळा काकू या हातावरून त्या हातावर घेत होत्या, कोपरापर्यंत खाली सोडत होत्या, आणि तो आपल्याच वजनाने पसरत होता, वाढत होता. शेवटी तो इतका पातळ झाला की त्यातून मला त्यांच्या बांगड्या दिसल्या. तेव्हा माझा फोन वाजला. एकदा, दोनदा, तीनदा. आजींनी पाहिलं, तू पाहिलंस, मी तर खिशात हातच घातला. काकूंच्या हातावर तो मांडा तसाच फिरत होता. त्यांनी तो खापरावर टाकला, कडेने बोट फिरवलं आणि मग मान वर करून म्हणाल्या, "कव्हय उना रे भाऊ?" मी कधी आलो ते त्यांना खरंच माहीत नव्हतं.

तुझी ती चार मिनिटं कुठून आली ते मला तिथे दिसलं. आणि त्या कमेंटवाल्याचंही हसू आलं. पोळ्या लाटायला, म्हणे. त्याने एक मांडा हातावर पेलून दाखवावा. मी मागून घेतला होता, आठवतं? तीन फाडले. तिसऱ्याला काकू म्हणाल्या, "मांडा फाटना नही भाऊ, तुनं ध्यान फाटनं," आणि तू इतकी हसलीस की तीन महिन्यांचा अबोला तिथेच संपला.

त्या संध्याकाळी एसटीत बसून मी आपला खेळ सोडून बाकीचं एकेक ॲप काढून टाकलं. पहिले आठ दिवस हात उगाच खिशाकडे जायचा, कुत्र्यासारखा. मग दिसायला लागलं. रावेरला आमच्या बागेत आबा केळीचा घड खांद्यावर झेलतात तेव्हा फक्त दांड्याकडे पाहतात, शेजारून ट्रॅक्टर गेला तरी मान वळत नाही. लहानपणापासून माझ्यासमोर चाललंय हे, आणि मी बांधावर बसून रील पाहायचो. परवा मी नुसता पाहत उभा राहिलो तर आबा म्हणाले, "तब्येत बरी आहे ना रे?"

आता जे सांगायला हे पत्र लिहिलं ते. माझं मनगट दुखत नाही. कधीच दुखत नव्हतं. सरावात मी दोनदा पडलो आणि तू म्हणालीस, हात आखडलाय, म्हणून मी हो म्हणालो. खरं म्हणजे डाव्या बाजूकडे पाहायचं सोडून मी तुझ्याकडे पाहत होतो. फोन सोडला, कमेंट सोडल्या, त्या माणसालाही जवळजवळ सोडून दिलं, पण हे सुटत नाही, आणि ते सुटावं असं मला वाटतही नाही. भूमी, मला तू आवडतेस. हे मोबाइलवर लिहून पाठवलं असतं तर आज बेटावर उतरताना ते तुझ्या डोक्यात राहिलं असतं, म्हणून कागदावर लिहिलं. ऋतिकाला डावी बाजू मिळावी म्हणून मी दुखण्याचं खोटं बोललो. ती माझ्यापेक्षा बरी आहे, तिचं लक्ष जिथं लावलं तिथं राहतं. ही पट्टी सोडून पत्राला गुंडाळतोय आणि तुझ्या बॅगेत, डब्याच्या खाली ठेवतोय. डबा तू खेळ झाल्याशिवाय उघडत नाहीस, एवढं मला माहीत आहे. मी शेवटच्या रांगेत बसलेला असेन, मोकळ्या हाताने. तू अजून मान वर केलेली नाहीस. मी हाक मारत नाही. उठतोय, चपला हातात घेतोय आणि दार ओढून घेतोय, कडीचा आवाज होऊ न देता.

तुझाच,
लिलू