कापशीचा नायटा

३ जुलै १९६२, नेर

आजही झड. खोक्यातलं गवत ओलंच. सकाळी कापशीला उचललं तर कानामागचे केस गेलेले — रुपयाएवढं गोल, कडेला खवले. नायटा! दवाखान्यात माणसांचे रोज बघते, घरातला दिसला नाही.

हे दोन ससे डॉक्टरीणबाई बदलून जाताना देऊन गेल्या. "तुम्ही एकट्याच. तेवढीच सोबत." खरं होतं, पण तेव्हा लागलं होतं.

४ जुलै

भुर्‍याला वेगळं ठेवलं. त्याला अजून काही नाही, होऊही द्यायचं नाही. खोका विटांवर चढवला. जुनं गवत जाळलं, फळ्या सोड्याच्या कढत पाण्यानं घासल्या. यापुढे गवत चुलीजवळ वाळवूनच घालायचं. कापशीला हात लावला की साबण, मगच भुर्‍या.

गुरांच्या डॉक्टरांना विचारलं. हसले! "बाई, बैल आणा, म्हैस आणा. सशाले काय पाहू?" शेवटी आमच्याच दवाखान्यातलं गंधकाचं मलम लावलं. चाटू नये म्हणून वर फडकं.

९ जुलै

हमीदा आली. शेजारच्या नजीर टेलरची धाकटी बहीण. दुकानाची निम्मी शिलाई तीच करते. माझ्याकडे विनाकाम येणारी गावात ही एकटीच. बाकीचे कळा सुरू झाल्या की दार वाजवतात. मूल झालं की नर्सबाई परकी.

तिला म्हटलं, कापशीला घेऊ नको, लागेल तुला. "लागू द्या न, बाई!" — आणि धरली की गळ्याशी! ओरडले. हात धुवायला लावले.

१० जुलै

एकटीच जेवले. भाकर उरली.

२२ जुलै

हमीदाच्या गळ्यावर गोल चट्टा. माझ्याच घरून गेला! मलम दिलं. रोज लाव, दुपट्टा उकळून वाळव, टॉवेल वेगळा ठेव — सगळं सांगितलं. तिला बघायला यवतमाळचे लोक येणार आहेत. तोवर जाईल, जायलाच पाहिजे.

५ ऑगस्ट

गेला नाही. वाढला!

यवतमाळच्या बायकांनी दुपट्टा सरकवून पाहिलं, आणि चहा तसाच ठेवून उठल्या. महारोग म्हणाल्या. कळल्याबरोबर धावत गेले. नायटा आहे हो, साधा नायटा, बरा होतो! कोण ऐकतं? टांगा निघालासुद्धा. नजीर दारातच उभा. "तुमच्या जनावरापायी झालं हे, बाई. आता आमच्या घरी येऊ नोका."

त्याचं काय चुकलं?

६ ऑगस्ट

पलीकडे दिवसभर मशीन चालू. इकडे कोणी आलं नाही.

१४ ऑगस्ट

कापशीला नवे केस फुटले, मऊ लव. भुर्‍या स्वच्छ. एवढं साधलं! आणि सांगायला घरात कोण? सशांनाच सांगितलं.

तांड्यावरून भाऊ आला होता, पूनमसिंग. म्हणाला, "याडी रोज तुझं नाव घेऊन रडते. सोड नोकरी, चाल." नवर्‍यानं टाकलेली लेक आईला किती दिवस गोड लागेल? पण इथं तरी कोणाला लागते आहे!

तो गेल्यावर घर आणखीच मोठं झालं.

१९ ऑगस्ट

ठरलं. पोळा झाला की नोकरी सोडायची. ससे तांड्यावर न्यायचे नाहीत, कुत्री फार. कोणाला देऊ? डॉक्टरीणबाईंनाही हाच प्रश्न पडला असेल.

२३ ऑगस्ट

मागच्या दारानं हमीदा!

आधी गळाच पाहिला. चट्टा तसाच. चिडले. "मलम लावत नाहीस?"

"नाही."

"का गं?"

"ते लोक म्हणे, आमच्या घरी मशीनवर बसाचं नाही. भाईजान तरी हो म्हणे. मले जायाचंच नव्हतं, बाई. तुम्हाले बोल लागला, ते मात्र वाईट झालं. भाईजानले आज सगळं सांगितलं मी."

तिनं दुपट्टा काढला, माझ्यासमोर बसली आणि मान वर केली.

"आता लावा."