मधुकरचं पान

१२ जानेवारी १९५६

पुस्तक मिळालं! उद्यापासून मागाजवळ बसून वाचणार. आमच्या नागपूरच्या विणकर आळीची रीतच आहे — विणताना हात गुंतलेले, कान रिकामे, म्हणून चौथी शिकलेल्या सुनेनं वाचायचं.

खरं तर ह्यांच्यासाठी आणलं. महायुद्धात ब्रह्मदेशात जपान्यांच्या पाठीमागे विमानातून उतरलेल्या तुकडीत हे होते. परत आल्यापासून त्याबद्दल अवाक्षर नाही! आता त्यांच्याच कप्तानानं लिहिलेल्या आठवणी मराठीत आल्या आहेत. तुम्ही नाही सांगत, तर पुस्तक सांगेल.

१५ जानेवारी

शत्रूला ऐकू जाऊ नये म्हणून खेचरांच्या घशाचं ऑपरेशन करून आवाज बंद करायचे म्हणे! शेजारच्या मागावरचे बाबनराव हसून हसून बेजार. "माह्या घरवालीचंही करून आणा गा कोणी!" त्यांच्या मनकर्णावहिनींनी सुताची कांडी फेकून मारली. नेम चांगला आहे बाईंचा.

हे हसले नाहीत. मागावरचा धोटा इकडून तिकडे चालूच.

समोरच्या रुख्माबाईही चरखा घेऊन येतात, कांड्या भरत ऐकतात. त्यांचा मुलगा मधुकर ह्यांच्याबरोबरच गेला होता. 'बेपत्ता' अशी तार आली, तो आला नाही. हे मात्र त्यांच्या घराचा उंबरा चढत नाहीत. काहून म्हणून विचारलं की उठून जातात.

१८ जानेवारी

अडखळू नये म्हणून पुढचं आधी वाचून ठेवते. आज त्यात नाव सापडलं. मधुकर! मांडीत गोळी, चालवेना. चालू न शकणाऱ्याला मागे ठेवायचं, नाहीतर सगळेच मरतील, असा नियम. पाण्याची बाटली देऊन झाडाखाली बसवला त्याला. कप्तान लिहितो — 'त्याचा नागपूरचा दोस्त त्याला पाठीवर घेऊन चालत होता. मी खाली ठेवायला लावलं. तो ऐकेना, तेव्हा ओढून नेला. हुकूम माझा. दोषही माझा.'

तो दोस्त म्हणजे हेच. खूप रडले. पण त्या म्हातारीला हे कसं ऐकवू?

१९ जानेवारी

वाचताना ते पान सोडलं. एकदम नदी ओलांडली तिथं आले. ह्यांचा माग थांबला. माझ्याकडे न बघता बाहेर गेले.

"इतकंच लिहिलं हाय काय वं?" रुख्माबाई.

"इतकंच."

२० जानेवारी

हे जेवले नाहीत.

२१ जानेवारी

रुख्माबाईंनी विहिरीवर गाठलं. "माह्या मधुकरचं पान गाळलं तू."

तुम्हाला कसं कळलं, म्हटलं.

"तुह्या घरवाल्यानं, श्रावणनं, आल्याच दिवशी सांगतलं मले. पाय धरून रडला — मावशी, मी त्याले मांगं ठेवून आलो. मी म्हटलं, तुही चूक नाही रे बाप्पा. आयकतच नाही थो! तवापासून घरात पाय नाही. मी काय माह्यासाठी येऊन राहिली वं? कप्तानानं काय लिहिलं, थे त्याले आयकू दे."

मी मेली शहाणी! म्हातारीला जपायला गेले आणि ह्यांचंच औषध लपवून बसले.

२२ जानेवारी

वाचलं. 'दोषही माझा' दोनदा वाचलं. सगळे माग बंद. मग ह्यांनी रुख्माबाईंचा चरखा उचलला, त्यांच्या मागोमाग गेले आणि उंबरा चढले.

ह्यांचं ताट इथं तसंच झाकलेलं आहे. जेवण तिकडंच झालं!