अर्ध्या सुराने खाली

बुवा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि मी पंचेचाळिसाव्या वर्षी एका रॉक बँडमध्ये कीबोर्ड वाजवायला लागलोय. लग्नातला बँड नव्हे, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही हसत बसाल. दोन गिटार, ड्रम, एक गाणारा आणि मी. त्यांचा आधीचा कीबोर्डवाला दुबईला गेला, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरला आणि बायकोने मला न विचारता माझा नंबर देऊन टाकला. "पेटी येते ना तुम्हाला, मग झालं," म्हणाली. तुम्ही गेल्यापासून मी पेटीला हात लावलेला नाही हे तिला माहीत आहे. का, ते माहीत नाही. मी गेलो, कारण नाही म्हणायलाही आत काहीतरी वाटावं लागतं आणि मला हल्ली फारसं काही वाटत नाही.

विचुंब्याला एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर गाळा आहे, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. रविवारी सकाळी दहाला जमतो. ड्रम वाजवते ती मुलगी दातांची डॉक्टर आहे आणि तिथे तिचंच चालतं. मला सगळे काका म्हणतात. पहिल्या दिवशी माझा डावा हात कीबोर्डच्या मागे हवेतच हलत होता, भाता शोधत. सगळे हसले, मीही हसलो.

तिसऱ्या रविवारी घोळ झाला. एका गाण्याची सुरुवात संथ आहे, फक्त गाणारा आणि मी, बाकीचे गप्प. गाणाऱ्याला सर्दी झाली होती. दुसऱ्या ओळीपासून तो हळूहळू उतरायला लागला आणि माझी बोटं त्याच्यामागे एक पट्टी खाली गेली. तुम्हीच शिकवलेलं. नेरे गावात तुमच्या ओटीवर पेटीसमोर बसवायचात आणि म्हणायचात, "गानारा खाली गेला तं पेटीनं पन खाली जावाचा. लोकांना कलता नये." मग गिटारी आल्या. त्या आपल्या जागेवरच होत्या, आम्ही दोघे अर्ध्या सुराने खाली. असा काही आवाज झाला की वरच्या मजल्यावरची बाई खिडकीत आली.

ड्रमवालीने काठ्या खाली ठेवल्या. "काका, तुम्ही कुठे चाललात?"

"त्याच्यामागे."

"त्याच्यामागे नाही जायचं. तुम्ही जागेवर थांबा, तो येतो परत." मग जरा घुटमळून म्हणाली, "या नाही, पुढच्या शनिवारी पनवेलला शो आहे. सॉरी काका, पण परत असं झालं तर आम्हाला दुसरं कोणीतरी बघावं लागेल."

लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मला गावच्या हरिनाम सप्ताहातलं तुमचं शेवटचं भजन दिसत होतं. तुमचे हात थरथरायचे म्हणून पेटी माझ्याकडे आणि तुम्ही नुसते गाताय. तुमचा सूर पेटीची काळी दोन. दुसऱ्याच अभंगाला तुम्ही उतरलात आणि मी उतरलो नाही. काळी दोन धरून बसलो. समोर अख्खा गाव, माइक सुरू आणि तुम्ही एकटे खाली. तुम्ही हाताने टाळ थांबवलेत, घोटभर पाणी प्यायलात आणि माइकवरच म्हणालात, "पेटी बराबर हाय. मीच खाली आलो." त्यानंतर तुम्ही गायलाच नाहीत. वर्षभरात गेलात.

काल, चौथ्या रविवारी, त्याच गाण्याला मी जागेवर थांबलो. बोटं जायला बघत होती, दाबून धरली. गाणारा घसरला, त्याने मला ऐकलं आणि अर्ध्या ओळीत परत आला. ड्रमवालीने अंगठा दाखवला. म्हणजे शनिवारी मीच वाजवणार. आनंद वगैरे काही झाला नाही. स्कूटरला किल्ली लावताना एवढंच मनात आलं, हा परत आला, मग तुम्ही का नाही आलात? उत्तर माझं मलाच ठाऊक होतं. त्याला सर्दी झाली होती, तुम्ही म्हातारे झाला होतात.

हे पत्र तुमच्या मुलाकडे देता येईल, तो नेऱ्यातच आहे. देणार नाही. त्या भजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्याकडे चहाला आलो होतो. तुम्ही बशीत चहा ओतता ओतता विचारलंत, "काल तुला आयकू आला नाय का?" मी म्हणालो, "नाही बुवा." तुम्ही "मंग ठीक" म्हणालात आणि खारीची पिशवी माझ्याकडे सरकवलीत.

आलं होतं ऐकू, बुवा. तुमच्याही आधी. त्या एका संध्याकाळी लोकांनी तुमच्याकडे न बघता माझ्याकडे बघावं, असं मला वाटलं होतं.