न मेलेल्या म्हशीची गोष्ट

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी अजून त्या म्हशीवरच पोट भरते आहे. लातूरला क्लासेसच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी साहित्यातल्या संज्ञा शिकवते. निवेदक, कथानक, उत्कर्षबिंदू, उपरोध. मुलांना दोन ओळींची व्याख्या हवी असते आणि चारांतला बरोबर पर्याय. खालच्या मजल्यावरचे फिजिक्सवाले सर माईकवर ओरडतात, त्यात माझी कविता बुडून जाते. तरी नाट्यात्म उपरोध आला की मी पुस्तक मिटते आणि म्हैस सांगते. प्रेक्षकांना सगळं ठाऊक आणि पात्राला कशाचाच पत्ता नाही, हे त्या म्हशीइतकं सोपं करून मला कुठल्याच पुस्तकानं सांगितलेलं नाही.

भूकंपानंतरचे ते दिवस. किल्लारीजवळच्या आमच्या गावात शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरते आहे आणि तुम्ही रोज औशाहून एसटीनं येता. घरी उर्दू बोलणारे तुम्ही आम्हा सातवीच्या पोरांना मराठी शिकवता, आणि इतकं चवीनं शिकवता की डबा खायचं भान राहत नाही. कुणी ना कुणी पाहुणे जीपमधून येतात आणि एकेका मुलाला विचारतात, "तुमचं काय गेलं?" माझं काहीच गेलं नव्हतं. आई, बापू, भाऊ सगळे धड होते. पाहुणे मान हलवून पुढच्या मुलाकडे वळायचे आणि मला त्याचा राग यायचा. आज सांगायला लाज वाटते, पण यायचा. मग एकदा मी म्हणाले, आमच्या म्हशीजवळ भिंत पडली. पुढच्या पाहुण्यांच्या वेळी भिंत म्हशीवर पडली. तिसऱ्या खेपेला म्हैस मेली, आणि मरताना माझ्याकडे बघून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. एका बाईंनी मला पोटाशी धरलं. मागची पोरं तोंडात शर्ट कोंबून हसत होती, कारण म्हैस शेडच्या मागं कडबा खात उभी होती.

आठ दिवसांनी तीच मंडळी टेम्पोतून म्हैस घेऊन आली. नवी कोरी, शिंगांना रंग दिलेली. तुम्ही मला बाजूला घेतलंत. "बेटा, तुमची म्हैस कवा मेली?"

"न्हाई मेली, सर."

"मग सांगतीस का त्यास्नी?"

मी नुसती रडायला लागले. बापूंच्या माराची भीती होतीच, पण त्याहून मोठी ही की उद्यापासून सर माझा निबंध वर्गात वाचून दाखवणार नाहीत. तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलंत आणि पाहुण्यांपुढे गेलात. मी तुमच्या पाठीमागे लपून. "साहेब, चूक माझी हाय. तवा मी अतिशयोक्ती शिकवत होतो. म्हणलं, घरातलं उदाहरण द्या. पोरीनं लई मन लावून गृहपाठ केला बघा." मग त्या पोटाशी धरणाऱ्या बाईच आधी खो खो हसल्या. टेम्पो बघायला जमलेल्या गर्दीतून तुम्ही आमच्या शेजारच्या काकूंना पुढं केलंत. "हिची खरंच गेली. भिंतीखाली." काकू नव्या म्हशीच्या गळ्यात पडून रडल्या.

सर, आम्ही तेव्हा अजून उपमेवरच होतो. अतिशयोक्ती पुढच्या वर्षाच्या पुस्तकात होती. दुसऱ्याच्या नावानं हजेरी दिली म्हणून छडी मारणारे तुम्ही, माझ्यासाठी सरळ खोटं बोललात. सगळे गेल्यावर एवढंच म्हणालात, "ती गोष्ट काकूची हाय. तिची तिला सांगू दे." आणि सोमवारी नेहमीसारखा माझा निबंध वाचलात. इतका आनंद मला पुढं नोकरी लागली तेव्हाही झाला नाही.

पण वर्गात मी ही गोष्ट अशी सांगत नाही. माझ्या गोष्टीत मीच धिटाईनं पुढं होते, पाहुण्यांपुढे सगळं कबूल करते, आणि तुम्ही कडेला उभे राहून मान डोलावता. मुलं टाळ्या वाजवतात. इतकी वर्षं त्या टाळ्या मी गोड मानून घेतल्या. आज तास संपल्यावर एक मुलगी मागं थांबली. निलंग्याहून रोज ये-जा करते, वर्गात फारसं बोलत नाही. म्हणाली, "मॅडम, तुम्ही खरंच समोर जाऊन सांगितलंत? मला न्हाई जमलं असतं. मी लई भित्री हाय." मी म्हणाले, "हो, सांगितलं." तिचा चेहरा उतरला. वही छातीशी धरून ती जिना उतरून गेली आणि मी फळा पुसत राहिले. तुम्ही माझ्यासाठी जे खोटं बोललात त्यानं मी सावरले. माझ्या खोट्यानं ती पोर आणखी भित्री होऊन घरी गेली.

हे पत्र तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, म्हणून उद्या तिलाच वाचायला देईन म्हणते. सगळ्या वर्गापुढं वाचायचा धीर मला अजून होत नाही, सर.